बोटाखालचं वचन

बोट पुन्हा नावांच्या यादीवरच पडलं. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. पानभर नुसती बापलेकांची रांग.

"वाच," पुस्तकं बांधणारा म्हातारा बाइंडर म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. उघडे असते तरी काही फरक पडला नसता. मोतीबिंदूने दोन्ही बुबुळांवर साय धरली होती.

बायकोने चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

ऑपरेशन करायचं की नाही, असा आजचा प्रश्न होता. डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली होती. पण या घरात पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, विचारल्याशिवाय पान हलत नसे. प्रार्थना करायची, डोळे मिटून ग्रंथ उघडायचा आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते वचन, तोच निर्णय. "अहो, शास्त्र रोज वाचून तसं वागायचं असतं, सोडत काढायची नसते," असं चर्चच्या पाळकांनी एकदा समजावूनही पाहिलं. बाइंडर नुसता हसला होता.

नजर गेल्यावर वाचायचं काम बायकोकडे आलं आणि पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. धाकटीला नर्सिंगला पाठवायचं का, हा प्रश्न. आणि बोटाखाली कधीच मरून गेलेल्या माणसांची नावं. त्यातून काय कप्पाळ निर्णय काढणार? दाराआड पोरगी डोळे पुसत उभी. बायकोच्या तोंडून निघून गेलं, "उंबरठा ओलांडणाऱ्या लेकराच्या पाठीशी देव उभा राहील."

"आमेन," बाइंडर म्हणाला. धाकटी गेली.

मग चटकच लागली म्हणा ना. मेहुण्याने दुकानात भागीदारी मागितली तेव्हा शास्त्र म्हणालं, "गोड जिभेच्या माणसाबरोबर एका ताटात जेवू नको." बोट मात्र धड वचनावर पडेल तर शपथ! कायम नावं, नाहीतर मंदिराची मापं. इतके हात लांब, इतके हात रुंद. आपलं नशीबच तसलं, असं ती मनाशी म्हणायची.

एरवी ती स्वतःचं मत देणारी बाई नव्हे. लग्न झाल्यापासून तिचं एकच उत्तर, "तुम्ही म्हणाल तसं." कालवण काय करायचं इथपासून घर कुठे घ्यायचं इथपर्यंत. पूर्वी तो यावरून चिडायचा. पुढे पुढे त्याने तिला विचारायचंच सोडलं.

आज मात्र ती वाचायला धजत नव्हती. नजर परत आली की तो स्वतः वाचणार. एकेक वचन शोधणार आणि एकही सापडणार नाही. देवाच्या नावावर खोटं बोललेल्या बाईने नवऱ्याला तोंड कसं दाखवायचं? 'थांब' एवढं एक वचन वाचलं की झालं. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

तिने त्याच्याकडे पाहिलं. सकाळीच त्याने दाभण तळहातात खुपसून घेतलं होतं आणि वर "काही नाही गं, खरचटलंय" म्हणत होता. चिमटीत पानं धरून किती आहेत ते अचूक सांगणारे हात. हा ग्रंथही त्यानेच दोनदा उसवून नव्याने शिवला होता. त्या हातावरची पट्टी बघून तिला भडभडून आलं.

"ऊठ, भिऊ नको," ती म्हणाली. आवाज फाटला. "तुझे डोळे पुन्हा उजेड पाहतील."

"असं म्हणतंय शास्त्र?"

"हो."

"आमेन."

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्याने खळीचं भांडं पाहिलं, कातरयंत्र पाहिलं, मग कितीतरी वेळ तिच्याकडेच पाहत बसला.

"म्हातारी झालीस गं."

"तुम्ही मोठे तरणेताठे!"

तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. "बाबा, दुकान बंद करा आता आणि दोघं इकडे या. आईला विचारा." फोन ठेवून बाइंडर म्हणाला, "काय गं, जायचं का?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. तिला मुळीच जायचं नव्हतं.

"बरं. ग्रंथ आण."

तिने ग्रंथ पुढ्यात ठेवला. आता सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. "आता तुमचं तुम्ही वाचा," ती कशीबशी म्हणाली. "अहो, मला एक सांगायचंय..."

बाइंडरने नवा चष्मा नाकावर चढवला. डोळे मिटले नाहीत. अंगठ्याने पानांची कड चाचपत, नजर नसताना उघडायचा तसाच एका झटक्यात ग्रंथ उघडला, समोरची नावांची यादी वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतली, यादीच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं आणि ग्रंथ तिच्याकडे सरकवला.

"वाच," तो म्हणाला. "काय म्हणतंय शास्त्र?"