किल्लीचं दृश्य

"थांबव तिथेच," बाई म्हणाल्या.

पडद्यावरचा पहारेकरी थिजला. एका हातात किल्ली, दुसऱ्या हाताने तोंडावर धरलेला रुमाल. बंद दारावर आतून बसणाऱ्या मुठींचा आवाज तुटला आणि वर्गात पंख्याची घरघर तेवढी उरली.

"सांगा, यात खोटं काय काय आहे?"

भराभर हात वर झाले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तेव्हा कारखान्यात नव्हत्या. पहारेकऱ्याचे कपडे खाकी असायचे, इथे निळे आहेत. आग भर दुपारी लागली, सावल्या मात्र संध्याकाळच्या पडल्यात. बाई फळ्यावर लिहीत गेल्या. एरवी त्यांचं अक्षर मोत्यासारखं. आज खडू दोनदा मोडला.

इतिहासाच्या तासाला दरवर्षी एक चित्रपट दाखवायचा आणि मुलांकडून त्याची उलटतपासणी करून घ्यायची, ही बाईंची जुनी रीत. त्यांचे तीन प्रश्न मुलांना तोंडपाठ होते. हे कोण सांगतंय? तो तेव्हा कुठे होता? असं सांगून त्याला काय मिळतं? पण या वर्षीच्या चित्रपटाने बाईंच्या अंगाची नुसती लाही लाही केली होती.

आग याच गावातल्या सूतगिरणीतली, चाळीस वर्षांपूर्वीची. गठ्ठे बांधायच्या खोलीत अकरा बायका कोंडून मेल्या. चौकशी समितीने लिहिलं की उष्णतेने कुलूप अडकलं, पहारेकरी पंधरा मिनिटं त्याच्याशी झटला. त्याला पदक मिळालं. चित्रपटातला पहारेकरी मात्र कुलपाला हातसुद्धा लावत नाही. साहेबाच्या हुकमाची वाट बघत उभा राहतो आणि मग किल्ली खिशात टाकून पळ काढतो.

तो पहारेकरी म्हणजे बाईंचे वडील. चार वर्षांपूर्वी आजारपणात गेले.

चित्रपट आल्यापासून भाजीवालीसुद्धा बाईंची नजर चुकवू लागली. कुणीतरी वर्गाच्या दारावर खडूने किल्ली काढून ठेवली. आणि घरात आई! ती दोनदा जाऊन चित्रपट बघून आली आणि चकार शब्द बोलली नाही.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" बाई कडाडल्या होत्या. आई भांडी विसळत राहिली.

"बाई, एक विचारू?" मागच्या बाकावरची मुलगी उठली. सतत वाद घालते म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. "कुलूप अडकलं हे समितीला कुणी सांगितलं?"

"पहारेकऱ्याने."

"दुसऱ्या कुणी बघितलं होतं?"

"नाही."

"म्हणजे साक्षीदार एकच, आणि पदकही त्यालाच. मग आपला तिसरा प्रश्न…"

"खाली बस!"

वकीलबाई बसली, पण तिने मान खाली घातली नाही. बाईंनी उरलेला खडू टेबलावर आपटला आणि घंटा व्हायच्या आतच तास सोडून दिला.

त्यांनी दिग्दर्शकाला तीन पत्रं लिहिली होती, एकाहून एक जहाल. उत्तर एका ओळीचं आलं, 'गुरुवारी वर्गात येतो.' आणि आलाही. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मुलं त्याच्यावर तुटून पडली.

"खुर्च्या?"

"चुकलं."

"निळे कपडे?"

"तेच भाड्याने मिळाले." मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

शेवटी वकीलबाई उभी राहिली. "आणि किल्लीचं दृश्य? ते कुठून घेतलंत?"

त्याने पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. एकवार बाईंकडे बघितलं.

"माझ्या मनाचं आहे ते."

"पण सुरुवातीला तर 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहिलंय."

"लिहिलंय खरं."

"मग त्या अकरा घरांना काय सांगणार तुम्ही?"

त्याने दुमडलेली बाही आणखी एकदा दुमडली.

"लिहून घ्या," बाईंचा आवाज चढला. "दृश्य बनावट. दिग्दर्शकाची स्वतःची कबुली."

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी तयार ठेवलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. किल्लीचं दृश्य मी रचलं, त्याला कसलाही पुरावा नाही, कुटुंबाची माफी मागतो. त्याने कागदावर नजरही न फिरवता सही ठोकली.

"वाचलंसुद्धा नाहीत?"

"काय असणार ते माहीत होतं."

"मेलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासताना हात नाही थरथरला तुमचा?"

"थरथरला," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन वळला. "आईंना नमस्कार सांगा."

या निगरगट्टपणाने बाईंचं टाळकंच सणकलं. नमस्कार म्हणे!

घरी पोचताच चपला न काढता त्यांनी कागद आईसमोर टाकला. "वाच. खोटारडा आहे म्हणून स्वतःच्या सहीने लिहून दिलंय त्याने. उद्याच वर्तमानपत्रात देते. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही त्याला!"

आईने चष्मा लावला. सगळा कागद वाचला, सहीवरून बोट फिरवलं. मग त्याची बारीक घडी करून मुठीत धरली.

"आई, दे इकडे."

"नाही."

"अगं, बाबांचं नाव धुऊन निघतंय त्याने!"

"त्या पोराचं वाटोळं नको करूस," आई म्हणाली. "तो कुठला रचतोय! तुझ्या बाबांनीच बोलावून घेतलं त्याला. चार दिवस सांगत होते, मी उशाशी बसले होते. आणि शेवटी त्याच्याकडून शब्द घेतला त्यांनी, की मुलगी विचारायला आली तर सगळं स्वतःच्या अंगावर घे."