खालच्या दाराचं गटार

फॉर्मवर ‘स्लम’ हा शब्द ऑफिसातूनच छापून आला होता. मोजणीच्या बाईंनी खाली फक्त सही करायची होती. सही झाली की महिन्याभरात टेकडीवरची दोनशे घरं पाडायला यंत्रं येणार, हे बाईंना ठाऊक होतं, आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गवंड्यालाही.

त्याने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय. बाईंनी फॉर्ममागची व्याख्या सोपी करून सांगितली. दाटीवाटीची वस्ती, सांडपाण्याची सोय नाही, माणसाने राहण्याजोगी नाही.

“दाटी आहे, ते लिहा,” गवंडी म्हणाला. “पुढचं मात्र बघून लिहा.”

ऊन डोक्यावर आलेलं, चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात, आणि अजून दोन वस्त्या बाकी. दुसरं कुणी असतं तर सही ठोकून मोकळं झालं असतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, दाखवा.

गवंड्याने बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि सगळ्यात वरच्या घरापुढच्या गटारात ओतली. खालच्या दारातल्या शेजारणीने गटारावरची फरशी उचलली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, आलं. मग त्याखालचं दार. आलं, आलं करत तो आवाज बोळाची वळणं घेत खाली निघाला, आणि मोजणीच्या बाई त्याच्यामागे. हे गटार वस्तीने आपल्या हाताने खणलेलं. ना इंजिनिअर, ना नकाशा. पण पाणी कुठे रेंगाळेना, कुठे तुंबेना. पायऱ्यांच्या पोटातून, न्हाण्यांच्या कडेने सुळसुळत जात होतं. वीस वर्षं मोजण्या करणाऱ्या बाई प्रत्येक फरशीपाशी वाकून बघू लागल्या.

मध्येच आवाज थांबला. शिंप्याच्या दारात निळं पाणी आलंच नाही.

गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी शिंप्याकडे पाहिलं. बाकी सगळे मात्र त्याच्या वरच्या घराकडे बघत होते. इथे कुणी आपलं गटार साफ करत नाही, गवंडी हळूच म्हणाला. प्रत्येकाने खालच्या दाराचं करायचं. आपल्या घाणीची आपल्याला सवय होते.

वरच्या घरातली पोर चार दिवसांची बाळंतीण. ती उठू लागली तर बायांनी तिला दटावून बसवलं. तिच्याही वरच्या घरातला ड्रायव्हर बनियनवरच बाहेर आला, आडवा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाळाचं एक इवलंसं टोपडं निघालं. पोर ओशाळली. तिला कुणी चकार शब्द बोललं नाही.

“आलं,” शिंपी म्हणाला.

तळाशी, शेवटच्या घरापुढे, सांडपाणी जिरवायच्या वाळू-खडीच्या टाकीत निळं पाणी उतरलं. बाईंनी पेन काढलं आणि छापलेला शब्द खोडला. साहेब काय बोलायचे ते बोलोत. पण खोडलं की कारण लिहावं लागतं, आणि कारणात एक भोक राहिलं तरी साहेब तो शब्द पुन्हा लिहिणार. बाई भराभर लिहीत गेल्या आणि एका जागी अडल्या.

सगळ्यात वरच्या घराच्या वर तर कुणीच नाही, त्यांनी विचारलं. मग त्याचं गटार कोण काढतं?

“मी,” शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर गुडघे चोळत बसलेली आजी म्हणाली. “रोज सकाळी चढून जाते.”

बाईंनी मान उंचावून पाहिलं. सगळ्यात वरचं घर तिथून दिसतसुद्धा नव्हतं.