ढब्बूच्या गोळ्या

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि एक खोली मनात आणा. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, मधोमध उंच स्टीलचं टेबल. टेबलावर एक जाडजूड कुत्रा बसलाय. त्याच्या मागच्या पायाला पट्टी आहे आणि अंग नुसतं थरथरतंय. जनावरांचा दवाखाना आहे हा. आता टेबलाला खेटून एक मुलगी उभी करा, साधारण तुमच्याच वयाची. तीही थरथरतेय. पण तिला कुठे लागलेलं नाही.

मुलीला घरी मुंगी म्हणायचे. कुत्रा ढब्बू. टेबलापलीकडे मुंगीचे बाबा. ते लोकांची घरं रंगवायचे. एकदा शिडीवरून पडले तेव्हा पाठीसाठी डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या होत्या. पाठ बरी झाली, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. बाबांनी मात्र केल्या नव्हत्या.

"काय म्हणतोय आमचा पेशंट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय म्हणणार? साहेब आहे तो घरातला," बाबा म्हणाले. "काम शून्य, आराम भरपूर. फक्त दुखणं तेवढं हटत नाही बघा."

डॉक्टरांनी पट्टी सोडून पायाला हलकेच बोट लावलं. ढब्बू असा केकाटला, की मुंगीने कानांवर हात ठेवले.

"नवल आहे. टाक्यांची जखम तर छान भरलीय. दुखण्याच्या गोळ्या देताय ना वेळेवर?"

"म्हणजे काय! मी स्वतः देतो. लोण्यात घालून."

मुंगीने मान खाली घातली. लोण्याचं खरं होतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून तिने पाहिलं होतं. लोणी ढब्बूच्या तोंडात गेलं आणि गोळी बाबांच्या. आधी तिला वाटलं, बाबांची गफलत झाली. होतं असं माणसाचं. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग तिने फटीतून बघणं सोडून दिलं.

आणि काल दुपारी ती शाळेतून आली, तर ढब्बू बाबांच्या पायाशी बसून रडत होता. बाबा खुर्चीत, हनुवटी छातीवर टेकलेली. तिने हाक मारली. खांदा धरून हलवलं. बाबांचा हात उचलला, तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. आई कामावर होती. मुंगीने त्यांच्या छातीला कान लावला. एक श्वास आला. पुढचा येईना. येईचना. मग आला. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय गं मुंगे, सुटली शाळा?" ते हसले, म्हणून तीही हसली. मग मोरीत जाऊन तिने नळ मोठा सोडला, आणि रडून घेतलं.

"मग औषध बदलू," डॉक्टर कपाटाकडे वळत म्हणाल्या. "या जरा कडक आहेत हं. अर्धीच द्यायची. जास्त गेली, तर झोपेतून उठायचा नाही तो."

"चालेल, चालेल," बाबा म्हणाले.

कपाट अजून उघडलंही नव्हतं आणि बाबांचा हात पुढे आला होता. छताची कड रंगवताना जो हात केसभर हलत नसे, तो आता हवेत थरथरत होता.

उठायचा नाही. मुंगीने बाबांकडे पाहिलं. बोललं, तर परक्या बाईसमोर बाबांची मान खाली जाणार. ते चिडतील, कदाचित परत कधी मुंगी म्हणून हाकच मारणार नाहीत. आणि गप्प बसलं तर? तर पुढचं काही तिला दिसेचना. दिसत होती ती फक्त खुर्ची.

"डॉक्टरमावशी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिलाच तो आपला वाटला नाही. "ढब्बूला गोळ्या मिळतच नाहीत."

"म्हणजे गं?"

"त्याला नुसतं लोणी मिळतं. गोळी बाबा खातात."

बाबा मोठ्याने हसले. "घ्या! काय कार्टी आहे बघा. टीव्ही बघून बघून डोक्यात काय काय भरतं या पोरांच्या..." हसणं मध्येच विरलं. कानांपर्यंत ते लाल झाले होते. मुंगीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिला राग दिसेल असं वाटलं होतं. राग नव्हता. बाबा घाबरले होते, तिच्याहूनही जास्त. मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मुंगे," ते अगदी हळू म्हणाले, "चल घरी."

डॉक्टरांच्या हातात नव्या गोळ्यांचं पाकीट तसंच होतं. त्या ते देईनात, ठेवीनात.

मुंगी घरी निघाली नाही. तिने ढब्बूच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, दुखऱ्या पायाला धक्का न लावता त्याला कसाबसा उचलला आणि जमिनीवर ठेवला. टेबलावर त्याचे केस पडले होते, ते फ्रॉकच्या टोकाने पुसून काढले. मग पलीकडे जाऊन बाबांची बाही धरली आणि त्यांना टेबलाकडे ओढलं.

"बसा ना बाबा इथे. सांगा त्यांना, तुम्हाला कुठे दुखतं ते."