सुटेबल

"एलिजिबल आणि सुटेबल. फरक सांगा," बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

पेठ वडगावच्या त्या कॉलेजात इंग्रजीच्या राखीव जागेसाठी संघप्रिया तिसऱ्यांदा मुलाखतीला बसली होती. आधी दोनदा एकच निकाल लागला होता: एकही उमेदवार योग्य आढळला नाही. जागा रिकामीच राहिली. त्या रिकाम्या जागेचे वर्ग मात्र चार वर्षं तीच घेत होती, तासिका तत्त्वावर. मे महिना आला की नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा अर्ज.

"एलिजिबल कागद ठरवतो, सर," ती म्हणाली. "पदवी आहे, नेट आहे, मार्क आहेत, विषय संपला. सुटेबल माणूस ठरवतो, समोर बसलेला. त्याला कारण द्यावं लागत नाही."

तज्ज्ञांचं बिस्किट कपात पडलं. "एक्सलंट," ते म्हणाले.

संस्थेचे अध्यक्ष सयाजीराव हसले. "मॅडम हुशार हाईत, त्यात वाद न्हाय. पण स्टाफमध्ये माणूस मिसळाय पायजे. गेल्या वर्षी कॉलेजच्या सत्यनारायणाला सगळी हुती, ह्या तेवढ्या न्हवत्या."

संघप्रियाच्या घरात आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून पूजा नव्हती. हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

"त्या वेळी माझा तास होता," ती म्हणाली. "सगळा स्टाफ पूजेला होता. वर्गात मी होते."

सयाजीरावांनी पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं.

तासाभरानं प्राचार्य व्हरांड्यात आले. त्यांचा चेहरा बघूनच तिला कळलं. हातातली फाईल दाणकन भिंतीवर आपटावी असं वाटलं, पण तिनं ती छातीशी घट्ट धरली.

"मनाला लावून घेऊ नका, मॅडम," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. "पुन्हा जाहिरात काढू. उद्या सकाळी साडेसातचा तास आहे तुमचा, तेवढा चुकवू नका. सुटेबल उमेदवार मिळेपर्यंत तुम्हीच शिकवायचं."

चार वर्षं या व्हरांड्यात संघप्रिया जपून, पुस्तकी मराठी बोलत आली होती. आता तिच्या तोंडून आईची बोली बाहेर पडली, आणि चांगली खणखणीत पडली.

"न्हाय जमायचं, सर."

"अहो, असं कसं? पोरांचं वर्ष जाईल. इंग्रजी शिकवायचं कुणी?"

प्राचार्यांचा विषय प्राणिशास्त्र होता. बेडूक फाडण्यात उभा जन्म गेलेला.

"तुम्ही घ्या की," ती म्हणाली. "एलिजिबल नसला म्हणून काय झालं? सुटेबल तर हाईसा!"