किनाकोच्या पेटीतली वाळू

किनाको ही शिझुनोची पाळलेली ठिपक्यांची पाल. तिच्या काचेच्या पेटीत शिझुनो तळाला नुसता टिश्यूपेपर अंथरायची. ती दोन दिवस माहेरी गेली आणि सासऱ्यांनी पेटीत पिशवीभर वाळू ओतली.

"वाळवंटातलं जनावर ते! कागदावर कसले लाड करतेस?"

"बाबा, अळी खाताना तिच्याबरोबर वाळू पोटात जाते. आतडं तुंबतं."

"काही होत नाही. गिळलेलं आपोआप खाली उतरतं."

बाराव्या दिवशी, पोट फुगून टम्म झालेली किनाको शिझुनोच्या तळहातावरच गेली.

"एका पालीसाठी रडतेस? दुसरी आण," सासरे म्हणाले.

नव्या वर्षाच्या सकाळी शिझुनोने सासऱ्यांपुढे सुपाचा वाडगा ठेवला. त्यात सणाची मोची होती, तांदळाचा चिकट गोळा. सासऱ्यांचे दात गेल्यापासून ती मोचीचे नखाएवढे तुकडे करून द्यायची. आज गोळा अख्खा होता. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी सवयीने घास उचलला आणि न चावता गिळला. दुसऱ्याच क्षणी त्यांचा हात गळ्याशी गेला, डोळे बाहेर आले.

शिझुनो त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसली. तिने स्वतःसाठी चहा ओतला.

"घाबरू नका, बाबा. गिळलेलं आपोआप खाली उतरतं."