अध्यक्षांचा मुक्काम

"वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे एकदा तरी पाहावं की नाई माणसानं?" शकुबाई चुलीपाशी पुटपुटल्या, पण ओसरीवर ऐकू जाईल इतपत. "आल्यापासून जेवून राह्यले. यायले वाढते कोण, भूत?"

"हळू, आत्या," भाचेसून नलू म्हणाली. "अध्यक्ष आहेत ते. यांची नोकरी त्यांच्या हाती आहे."

ते खरंच होतं. वर्ध्यात व्याकरण परिषद भरली होती आणि उद्या सकाळी नलूचा नवरा अच्युत तिथे निबंध वाचणार होता. नागपूरच्या एका कॉलेजात मराठीची जागा निघाली होती. तिथले प्राचार्य ऐकायला येणार होते आणि अध्यक्ष श्रीनिवासशास्त्री म्हणतील ते प्रमाण मानणार होते. अडचण एकच. कर्त्यावाचून वाक्य नाही, हे शास्त्रीबुवांचं उभ्या हयातीचं मत, आणि अच्युत नेमकं तेच खोडायला निघाला होता.

पाहुणे गावातल्या घरांत वाटून दिले, तेव्हा अच्युतने घरी सगळी नावं सांगितली होती. अध्यक्षांचं नाव शकुबाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मूळचे कुठले, तेही विचारलं.

"सेलूकडचे म्हणतात. पण पोरवयातच बडोद्याला गेले."

"मंग आपल्याकडेच उतरू दे."

अच्युतला वाटलं, आत्या किती पुढचं पाहते! आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बोरगावची शेती एकटीने सांभाळली, कपाशीच्या व्यापाऱ्यांशी भांडली, त्याला शिकायला नागपूरला धाडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि जिभेवर विस्तव. आळीतले बापेही तिच्या दारावरून खाली मान घालून जात.

पाहुणे आले तेव्हा पाय धुवायला पाणी तिनेच ओतलं. ते वाकले, तशी डाव्या भुवईतली जुनी पांढरी खोक दिसली. तिने अख्खा तांब्या एका दमात रिता केला.

"आत्या, धोतर भिजलं त्यांचं!"

"वाळते."

आताही शास्त्रीबुवा ताटाशेजारी कागद ठेवून जेवत होते. अच्युतने भीत भीत विचारलं, "आपल्या घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. एक विद्या धरली, बाकीच्या भानगडीत पडलोच नाही." कागदावरची नजर न काढता त्यांनी सौजन्य म्हणून विचारलं, "यांचे यजमान कुठे असतात?"

"शिकाले गेले," शकुबाई तूप वाढत म्हणाल्या.

"या वयात?"

"लंबा अभ्यास आहे."

शास्त्रीबुवा मोठ्याने हसले. "बाई फटकळ आहेत!"

नलूने मान खाली घातली. आळीत हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. त्यापुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

सकाळी सभामंडपात बायकांसाठी एका बाजूला सतरंजी होती. शकुबाई सगळ्यांत पुढे बसल्या. अच्युत उभा राहिला आणि वाचू लागला.

"उजाडलं. सांजावलं. मळमळलं. यात कर्ता कोण? कोणीच नाही. तरी वाक्य पुरं आहे. ते लंगडत नाही, कोणाची वाट पाहत नाही."

मागून एक पंडित ओरडले, "अध्यक्षांसमोर हा पोरखेळ?" प्राचार्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. शकुबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. आता हा माणूस पोराचं वाटोळं करतो का सोनं, एवढंच उरलं होतं.

शास्त्रीबुवा उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"ज्या मताने मला ही खुर्ची दिली, ते मत या तरुणाने आज मोडलं. मी उत्तर शोधत होतो. मिळालं नाही. आणि मिळालं नाही याचा मला आनंद होतो आहे. माझ्या पुस्तकात यापुढे माझी चूक आणि याचं नाव, दोन्ही शेजारी छापीन."

टाळ्या थांबेनात. प्राचार्य स्वतः उठून अच्युतपाशी गेले. एवढ्या लोकांदेखत असा सरळ हरणारा पुरुष शकुबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. विद्या काय असते ते तिला कधी कळलं नव्हतं. आज तिने ती उभी पाहिली. डोळे पुसले, आणि कोणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं.

"बोलताना चांगला दिसते," ती म्हणाली.

"कोण, आपले हे?" नलूने लाजून विचारलं.

"दोघंबी."

दुपारी दाराशी टांगा आला. शास्त्रीबुवा अंगणात थांबले. अच्युतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुमचा भाचा फार पुढे जाईल. एकटीने घडवलंत. तुमच्यापुढे मी काय केलं?"

"तुमी केलं ते लहान नाई. मी पाह्यलं आज."

"यजमान परत आले की माझा नमस्कार सांगा." ते मिश्किल हसले. "नाव काय त्यांचं?"

"आत्या नाव नाही हो घेत," नलू हसू दाबत म्हणाली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा नाही. बायका आग्रह करकरून थकल्या."

"आज घेते," शकुबाई म्हणाल्या.

नलूचं हसू ओठांतच राहिलं. शकुबाई पायरी उतरल्या, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पाहुण्यांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"श्रीनिवास, शिकाले गेलता, ते पक्कं शिकला तू. आता परत नाई आला तरी चालते."