अर्ध्या कानाचं मांजर

"काका, हे पान काही आता टिकत नाही," माळी खाली वाकून म्हणाला. "बुडाशी पिवळं पडलंय. कापून टाकू?"

"हळू बोल," म्हणत घड्याळजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत बायकोची भांडी वाजत होती.

घायपात पुरुषभर उंच झाली होती. अंगणात दुसरं काही जगेना म्हणून अठ्ठावीस वर्षांपूर्वी लावलेली. पाणी नको, खत नको, कौतुक नको. "तुमच्या स्वभावाचं एक झाड या घरात हवंच होतं," असं बायको तेव्हा म्हणाली होती.

खालच्या त्या पिवळ्या पानावर एक मांजर कोरलेलं होतं. गोल पोट, गुंडाळलेली शेपटी, एका बाजूला तीन मिशा, दुसऱ्या बाजूला दोन. उजवा कान मात्र अर्धाच.

"लेकीनं काढलंय," घड्याळजी म्हणाले. "नऊ वर्षांची होती. वह्या, भिंती, दुकानाचं दार, जिथं तिथं तिची मांजरं. कान काढताना काटा टोचला असणार, म्हणून अर्धा सोडून पळाली. मग ताप आला. महिनाभर दवाखान्यात होती. तिथूनच गेली. चोवीस वर्षं झाली."

त्यानंतर त्यांनी दुकान उघडलंच नव्हतं. ताट पुढे आलं की भिंतीकडे तोंड करायचे. पंधरा दिवस असे गेले आणि एका सकाळी बायकोनं अंगणातून हाक मारली, "अहो, या लवकर! बघा, काय ठेवून गेलीय तुमची लेक!"

ते अनवाणीच धावले. मांजरावरून कितीतरी वेळ बोट फिरवत उभे राहिले. बोट चिकट झालं, संध्याकाळपर्यंत खाजत राहिलं, तरी त्यांनी ते धुतलं नाही. त्या रात्री ते पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

माळी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. "काका, याचं पान फार तर दहा वर्षं राहतं. म्हणजे हे मांजर..."

"तिसरं आहे," घड्याळजी पुटपुटले. "पहिलं लेकीचं. पुढची दोन मी काढली. जुनं पान वाळायच्या आत नव्या पानावर उतरवायचं आणि हिला महिनाभर बहिणीकडे धाडायचं. ताजा ओरखडा पांढरट दिसतो ना, तपकिरी व्हायला वेळ लागतो."

"आणि पान इकडचं तिकडे गेलं, ते काकूंना कळलं नाही?"

"झाड वाढलं की पानं सरकतात, असं मीच सांगून ठेवलंय."

माळ्यानं हसून कपाळावर हात मारला.

"हसू नकोस. रोज सकाळी ती या मांजरावरून हात फिरवते, मग चहा ठेवते. तिला कळलं, तर तिची लेक दुसऱ्यांदा जाईल रे."

यंदा पंचाईत झाली होती. ज्या हातांनी तांदळाएवढे स्क्रू बसवले, ते आता कप धरतानाही थरथरत. त्यात बायको बहिणीकडे जायलाच तयार नव्हती. "चहा अंगावर सांडता, तुम्हाला एकटं टाकून कुठे जाऊ?"

"तूच काढ," त्यांनी खिशातला जुना टोचा माळ्यापुढे धरला.

माळ्यानं आधी मागच्या एका पानावर करून पाहिलं. मांजराचं डुक्कर झालं. दोघंही तोंड दाबून हसले आणि हसता हसता घड्याळजींचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वतःच टोचा नव्या पानाला लावला. टोक एका जागी ठरेचना.

"सरका."

बायको मागे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. घड्याळजींनी टोचा मुठीत लपवला. "अगं, हे... मी तुला सांगणारच होतो..."

तिनं त्यांना बाजूला सारलं. अंबाड्यातला आकडा काढला, एक टणक पान निवडलं आणि एका दमात गोल पोट काढलं. मग शेपटी. तीन मिशा, दोन मिशा. डावा कान पुरा, उजवा अर्धा. तेवढ्यावर थांबून तिनं आकडा पदराला पुसला आणि परत अंबाड्यात खोचला. जुन्या पानाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"चहा ठेवते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

"काकूंचा हात भारी आहे!" माळी म्हणाला. "लगेच हात लावू नका हं काका. तासाभरात चीक सुकेल. ओला असला की खाज सुटते."

पण घड्याळजींचं बोट तोवर मांजरावरून फिरून गेलं होतं. ते चिकट झालं होतं आणि खाजू लागलं होतं. लेकीला जाऊन पंधरा दिवस झाले होते, त्या सकाळी खाजलं होतं, अगदी तसंच.